झाकणाची लाकडी डबी : लेथवरचा पहिला प्रयत्न

खुर्चीचा पाय किंवा पटाशीची मूठ कातताना व्यास अर्ध्या मिलिमीटरने चुकला, तरी काम अडत नाही. झाकणाच्या डबीत मात्र तेवढी चूक झाकण सैल पडायला पुरेशी असते. एकाच ठोकळ्याचे दोन भाग करायचे, दोन्ही आतून पोखरायचे आणि तरीही ते एकमेकांवर असे बसवायचे की सांधा बोटाला लागू नये व लाकडाचे रेषे खालून वर सलग गेलेले दिसावेत, असे या कामाचे स्वरूप आहे. लेथवर, म्हणजे लाकूड फिरते ठेवून कातण्याच्या यंत्रावर, दोन-चार मुठी कातून झाल्या असतील आणि चकची, म्हणजे त्यावर ठोकळा पकडणाऱ्या जबड्यांची, ओळख झाली असेल, तर हे काम अवश्य हाती घ्यावे. धार, माप आणि क्रम या तिन्ही गोष्टी त्यात एकदम शिकायला मिळतात. त्यांतही क्रमाला मी सर्वांत वर ठेवतो. झाकण आतून आधी पुरे करायचे, डबी त्याच्या मापाने कातायची आणि डबीच्या आतले काम सांधा बसल्यानंतरच करायचे. हा क्रम उलटला की हात कितीही स्थिर असला तरी झाकण नीट बसत नाही.

ठोकळा निवडताना

पहिल्या डबीसाठी 65 मिलिमीटर चौरस आणि 110 मिलिमीटर लांब ठोकळा सोयीचा पडतो. रेषे ठोकळ्याच्या लांबीत, म्हणजे लेथच्या अक्षाला समांतर असावेत. शिसव, बीच, मेपल यांसारखे घट्ट आणि बारीक पोताचे लाकूड घ्यावे. त्यावर सांध्याची कड स्वच्छ उतरते. पाइनसारख्या लाकडात मऊ आणि कठीण पट्टे आलटून पालटून येतात, त्यामुळे बारीक कड तुटते. सागात सिलिकाचे कण असल्याने हत्यारांची धार लवकर जाते. ठोकळ्यात गाठ, चीर किंवा झाडाचा मधला गाभा नको, कारण गाभ्यापासून तडे जाण्याचा संभव सर्वांत अधिक असतो.

लाकूड वाळलेले असावे, हे सर्वच सांगतात; का असावे, हे समजून घेतलेले बरे. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आकसत नाही, पण वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने ते जितके आकसते, तितके त्यांना छेदणाऱ्या दिशेने आकसत नाही. हे प्रमाण साधारणपणे दोनास एक असते. म्हणून आज अचूक गोल कातलेले भोक वाळल्यानंतर किंचित लंबगोल होते. माझ्या पहिल्या डबीचे झाकण संध्याकाळी कातून संपवले, तेव्हा ते कोणत्याही बाजूने फिरवले तरी सारखेच बसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एका ठरावीक जागी सहज उतरत होते, पण पाव फेरा फिरवताच अडकत होते. लाकूड बाहेरून पूर्ण वाळलेले होते. आतला ओलावा आणि लाकडातला ताण ठोकळा पोखरल्यावरच मोकळा झाला होता.

यावर उपाय एकच आहे आणि तो वेळ घेतो. दोन्ही भाग आधी कच्चे पोखरून काही दिवस तसेच ठेवायचे, आणि अंतिम मापाला त्यानंतरच हात घालायचा. भाग उन्हात ठेवू नयेत; सावलीत, हवा खेळती असेल तेथे ठेवावेत आणि दोन-तीन दिवसांनी काट्यावर वजन करावे. लागोपाठ दोन-तीन वेळा वजन तेवढेच आले की लाकूड स्थिरावले असे धरावे. ठोकळा चांगला वाळलेला असेल तर आठवडाभर बहुधा पुरतो.

हत्यारे आणि खबरदारी

रफिंग गाऊज (ठोकळा गोल करण्याचे पन्हळीदार हत्यार), 10 मिलिमीटरचे स्पिंडल गाऊज (बारीक कामाचे पन्हळीदार हत्यार), पार्टिंग टूल (तुकडा वेगळा करण्याचे अरुंद पाते), एक सरळ आणि एक गोल तोंडाचा स्क्रेपर (खरवडून लाकूड काढणारे हत्यार), चार जबड्यांचा चक आणि व्हर्नियर कॅलिपर एवढी सामग्री असली की काम होते. पार्टिंग टूल 2 मिलिमीटर जाडीचे मिळाले तर उत्तम. ते जितके जाड, तितके झाकण आणि डबी यांच्यामधले लाकूड वाया जाते आणि रेषांची सलगता तुटते. प्रत्येक हत्याराला काम सुरू करण्यापूर्वी धार लावावी आणि पोखरताना मधेच पुन्हा लावावी. रेषांची टोके कापणे हे धारेची खरी परीक्षा घेणारे काम आहे. ढलप्यांऐवजी नुसती भुकटी उडू लागली, तर हात थांबवून ग्राइंडरकडे जावे.

चेहरा पूर्ण झाकणारे पारदर्शक कवच घालावे, आणि धुळीसाठी मास्क लावावा. शिसवासारख्या लाकडांच्या धुळीची अनेकांना ॲलर्जी होते. हातमोजे, अंगठ्या, सैल बाह्या आणि मोकळे केस लेथजवळ नकोत. लेथ चालू करण्यापूर्वी ठोकळा हाताने एक पूर्ण फेरा फिरवून तो टूलरेस्टला, म्हणजे हत्यार टेकवण्याच्या पट्टीला, कोठे लागत नाही ना, हे पाहावे, आणि सुरू करताना ठोकळ्याच्या थेट समोर न उभे राहता किंचित बाजूला राहावे. हत्यार नेहमी आधी टूलरेस्टवर टेकवायचे आणि नंतर लाकडाला लावायचे. हा नियम मोडला की हत्यार लाकडात अडकून झटका बसतो आणि ठोकळा चकमधून निसटू शकतो.

दंडगोल, टेनन आणि दोन भाग

ठोकळा दोन केंद्रांमध्ये धरून मिनिटाला सुमारे 1000 फेऱ्यांच्या वेगाने रफिंग गाऊजने गोल करावा. गोल झाल्यावर वेग 1500 पर्यंत नेण्यास हरकत नाही. व्यास 62-63 मिलिमीटर राहू द्यावा; डबी शेवटी 56 मिलिमीटरची होणार आहे आणि मधले लाकूड लंबगोलपणा काढण्यात जाणार आहे.

आता दोन्ही टोकांना चकच्या जबड्यांत धरण्यासाठी पायरीसारखा भाग, म्हणजे टेनन, काढावा. त्याची लांबी 6 मिलिमीटर पुरते. व्यास असा ठेवावा की जबडे जवळजवळ मिटलेल्या स्थितीत त्याला पकडतील, कारण त्या स्थितीतच ते सर्वांत गोल असतात आणि त्यांची पकड चहूबाजूंनी सारखी बसते. टेननचे टोक चकच्या तळाला टेकू नये. लाकडाचा खांदा जबड्यांच्या तोंडावर सपाट टेकला पाहिजे. पकड ढिली पडण्याच्या बहुतेक तक्रारी येथूनच सुरू होतात.

एका टोकाच्या टेननपासून 32 मिलिमीटरवर झाकणाची खूण करावी. त्या खुणेला छेदून दंडगोलावर एक लांब आडवी पेन्सिलरेघ ओढावी. भाग वेगळे झाल्यावर झाकण मूळ जागी आणण्यासाठी हीच रेघ उपयोगी पडते. बाहेरून कातताना ती पुसली जाते, म्हणून नंतर सांध्याच्या आत बारीकशी खूण पुन्हा करून घ्यावी. आता डबीचा भाग चकमध्ये धरून, दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचा, म्हणजे लेथच्या त्या बाजूच्या सरकत्या भागाचा, आधार देऊन, खुणेवर पार्टिंग टूल चालवावे. मध्ये साधारण 10 मिलिमीटर लाकूड शिल्लक राहिले की लेथ थांबवून उरलेले बारीक करवतीने कापावे.

दोन्ही भाग कच्चे पोखरण्यासाठी टेलस्टॉकमध्ये ड्रिल चक बसवून, वेग 400 च्या आसपास ठेवून, डबीत 30 मिलिमीटर व्यासाचे आणि सुमारे 40 मिलिमीटर खोल भोक पाडावे. झाकणात तसेच, पण फक्त 15 मिलिमीटर खोल भोक पुरेल. बिट वारंवार बाहेर काढून भुसा साफ करावा, नाहीतर लाकूड तापून आतून बारीक चिरते. यानंतर दोन्ही भाग वाळण्यासाठी बाजूला ठेवावेत.

झाकण आधी

वाळून आलेले झाकण चकमध्ये धरले की ते थोडे डगमगताना दिसेल. ते साहजिक आहे, कारण टेननही किंचित लंबगोल झालेला असतो. बाहेरचा पृष्ठभाग आणि तोंड हलक्या हाताने पुन्हा एकसारखे करून घ्यावे.

आत पोखरण्याची रीत वाडगा पोखरण्याच्या रीतीपेक्षा वेगळी आहे. येथे रेषे आपल्याकडे तोंड करून उभे असतात, त्यामुळे कापणे मध्यापासून कडेकडे, म्हणजे लहान व्यासाकडून मोठ्या व्यासाकडे न्यावे लागते. तसे केल्याने कापल्या जाणाऱ्या प्रत्येक रेषेला मागच्या रेषांचा आधार मिळतो. टूलरेस्ट तोंडासमोर आडवा लावावा आणि गाऊजचे टोक बरोबर मध्याच्या उंचीवर येईल असा ठेवावा. गाऊजची पन्हळ घड्याळातल्या दहाच्या आकड्याकडे वळवून टोक भोकाच्या कडेशी न्यावे आणि मूठ सावकाश स्वतःपासून दूर ढकलावी. टोक आपल्या बाजूच्या कडेकडे सरकत जाते, आणि सर्व काही जुळून आले असेल तर पन्हळीतून लहान, कुरळ्या ढलप्या बाहेर येऊ लागतात. धारेमागचा उतार लाकडाला टेकलेला आहे, ही जाणीव मुठीत आली पाहिजे. ती येईपर्यंत एखाद्या टाकाऊ ठोकळ्यावर सराव करावा.

तोंडाशी आतला व्यास सुमारे 46 मिलिमीटर करावा. आता येतो तो भाग, ज्यावर पुढचे सारे अवलंबून आहे. तोंडापासून आत 7-8 मिलिमीटरपर्यंतची भिंत अक्षाला काटेकोर समांतर हवी. सरळ तोंडाच्या स्क्रेपरची डावी कड त्यासाठी वापरावी. पोकळीत स्क्रेपरचे टोक मध्यापेक्षा किंचित वर ठेवावे, म्हणजे ते अडकले तरी लाकडात न घुसता मोकळे सुटते. अगदी पातळ कापत जावे. मग व्हर्नियरचे आतले जबडे आधी तोंडाशी आणि नंतर खोलवर लावून दोन्ही मापे पाहावीत. आत माप कमी येत असेल, तर झाकण फक्त काठावर घट्ट बसेल आणि वापरता वापरता सैल होईल; आत माप जास्त येत असेल, तर ते बसल्यासारखे वाटेल पण डुलेल. दोन्ही मापे एक येईपर्यंत पुढे जाऊ नये.

छताची आतली बाजू गोल स्क्रेपरने गुळगुळीत करून 180, 240, 320 आणि 400 नंबरच्या पॉलिश पेपरने घासावी. समांतर भिंतीला मात्र पॉलिश पेपर लावू नये. कागद मऊ भागातून जास्त आणि कठीण भागातून कमी लाकूड काढतो, आणि एवढ्या काळजीने गोल केलेले तोंड लंबगोल होते. आतल्या भागाला शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, एक हात आणि वर थोडे मेण लावून टाकावे. जवसाचे किंवा दुसरे तेल आत वापरू नये. बंद डबीत त्याचा वास फार काळ कोंडून राहतो.

गळा बसवणे

डबीच्या तोंडाशी झाकणात शिरणारी जी बारीक उभी कड असते, तिला येथे गळा म्हणू. डबीचा भाग चकमध्ये धरून, बाहेरून एकसारखा करून, तोंड सपाट करावे. मग पार्टिंग टूलने तोंडाशी 5 मिलिमीटर रुंदीची पायरी काढावी. तिचा व्यास झाकणाच्या मापापेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर जास्त ठेवावा आणि अगदी तोंडाशी तिला हलका उतार द्यावा, म्हणजे झाकण टोकावर जेमतेम चढेल.

लेथ बंद करून झाकण त्या उतारावर ठेवावे, हलके दाबावे आणि हाताने थोडे मागेपुढे फिरवावे. झाकण काढल्यावर उतारावर एक चकचकीत, केसाएवढी बारीक रेघ दिसते. त्या रेघेवरचा व्यास म्हणजेच झाकणाच्या तोंडाचा व्यास. लाकडाने लाकडाचे घेतलेले हे माप व्हर्नियरच्या मापापेक्षा मला अधिक भरवशाचे वाटते. आता रेघेपासून खांद्यापर्यंतचा जाड भाग त्याच व्यासाला आणायचा आहे, आणि येथे नवशिक्याची हमखास फसगत होते. गोल वस्तूवरून 0.1 मिलिमीटर, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीएवढे लाकूड काढले, तर व्यास 0.2 मिलिमीटरने कमी होतो. जे कापले त्याच्या दुप्पट फरक पडतो. म्हणून कापा घ्यावा, लेथ थांबवावी, झाकण लावून पाहावे, रेघ कोठे सरकली ते बघावे आणि मगच पुढचा कापा घ्यावा. दहा-बारा वेळा थांबावे लागले तरी हरकत नाही.

या टप्प्यावर झाकण घट्टच बसले पाहिजे, इतके की दोन्ही हातांनी पिळून काढावे लागेल. खांदा किंचित आतल्या बाजूला उतरता ठेवावा, म्हणजे सांधा बाहेरच्या काठावर मिटतो आणि फट दिसत नाही. हात थोडा जास्त चालून गळा सैल झाला, तर टिश्यू पेपरचा एक पदर गळ्यावर ठेवून त्यावर झाकण दाबावे. बाहेरून कातण्यापुरती पकड मिळते. फारच सैल झाला, तर खांदा आणखी 5 मिलिमीटर मागे घेऊन नवा गळा काढावा आणि जुना कापून टाकावा. डबी तेवढी बुटकी होईल आणि रेषांची सलगता थोडी तुटेल, पण काम वाचेल.

बाहेरचा आकार, मग आतले काम

पेन्सिलरेघ जुळवून झाकण दाबून बसवावे आणि टेलस्टॉकचा हलका आधार द्यावा. आता डबी आणि झाकण एक वस्तू समजून बाहेरून कातावे. बाहेरून कापताना दिशा उलटी, म्हणजे मोठ्या व्यासाकडून लहान व्यासाकडे असते. आकाराविषयी माझे मत इतकेच आहे की पहिली डबी साधी असावी. सरळ किंवा किंचित फुगीर बाजू आणि वर हलका घुमट. सांध्यावर पार्टिंग टूलच्या टोकाने व्ही आकाराची बारीक खाच जरूर काढावी. पुढे ऋतूप्रमाणे लाकूड थोडे लंबगोल झाले, तरी झाकण आणि डबी यांच्या कडांमधला फरक त्या खाचेच्या सावलीत लपतो. झाकणाचा माथा पूर्ण करताना शेवटी टेलस्टॉक काढून अगदी पातळ कापे घ्यावेत. मग टूलरेस्ट बाजूला करून, वेग 600-700 वर आणून, पॉलिश पेपरने घासावे. शेलॅक किंवा मेण लावताना कापड हाताला गुंडाळू नये. कागदी रुमाल वापरावा, म्हणजे तो अडकला तरी फाटून सुटतो.

झाकण काढून डबी आतून पूर्ण करण्याची वेळ आता येते. हे काम शेवटी ठेवण्याचे कारण असे, की झाकणाच्या पकडीवर बाहेरून कातत असताना गळ्याची भिंत जाड आणि ताठ असावी लागते. ती आधीच पातळ केली असती, तर दाबाने वाकली असती. गळ्याची भिंत 3 मिलिमीटर राहील इतके पोखरावे, म्हणजे तोंड 40 मिलिमीटरचे होते. खोली मोजण्यासाठी तोंडावर एक सरळ पट्टी आडवी धरून तिच्याजवळून काडी तळापर्यंत सोडावी आणि तेच माप बाहेरून धरून पाहावे. तळाला किमान 7-8 मिलिमीटर लाकूड राहिले पाहिजे. खाली वेगळे करण्यासाठी लागणारे लाकूड यात धरू नये. बाहेरून कातून पूर्ण केलेली डबी टेननपर्यंत गेली असली, तरी तिची खरी उंची जेथून ती वेगळी करायची तेथपर्यंतच असते. ही चूक झाली की डबीला तळच उरत नाही.

पोखरून झाल्यावर अर्धा तास थांबून झाकणाचे बसणे पुन्हा तपासावे, कारण आतले लाकूड गेल्यावर गळा किंचित हलतो. मग 400 नंबरचा कागद गळ्यावर बोटभर जागेत, चालू लेथवर, क्षणभर टेकवून झाकण मोकळे करत जावे. किती मोकळे करावे, याविषयी मतभेद आहेत. हवा अडून झाकण काढताना आवाज व्हावा, असे काहींना आवडते. रोज हाताळायची डबी असेल, तर झाकण एका हाताने उचलता यावे आणि डबी सोबत वर येऊ नये, असे मला वाटते. शेवटचा अंश मेणावर सोडावा. मेणाचा थर बसल्यावर सांधा पुन्हा थोडा भरतो.

तळ

पार्टिंग टूलने डबी वेगळी करताना पाते किंचित आतल्या बाजूला कलते ठेवावे, म्हणजे तळ आपोआप खोलगट होतो आणि डबी कडेवर स्थिर उभी राहते. मध्ये थोडे लाकूड शिल्लक ठेवून ते करवतीने कापावे. चकमध्ये उरलेल्या तुकड्यावर डबीच्या तोंडात घट्ट बसेल असा गळा काढावा, डबी त्यावर पालथी बसवावी, आणि टेलस्टॉकच्या आधाराने तळ स्वच्छ करावा. आधार काढल्यावर उरलेला मधला ठिपका पटाशीने काढून पॉलिश पेपर फिरवावा. शेलॅक लावण्यापूर्वी तळावर लाकडाचे नाव आणि डबी पूर्ण झाल्याची तारीख पेन्सिलीने लिहून ठेवावी. काही महिन्यांनी झाकण कोणत्या बाजूने घट्ट होते हे तपासताना, ते लाकूड किती दिवसांत किती हलले याचा हिशेब त्या तारखेवरून लावता येतो.